आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आणि भारत

आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १६ डिसेंबर १९६६ रोजी स्वीकारलेला बहुपक्षीय करार असून तो ३ जानेवारी १९७६ रोजी अमलात आला. भारत १० एप्रिल १९७९ रोजी या करारात सामील झाला व तीन महिन्यांनी, १० जुलै १९७९ पासून, तो भारतावर बंधनकारक झाला. काम, न्याय्य वेतन, सामाजिक सुरक्षा, अन्न, निवारा, आरोग्य, शिक्षण आणि सांस्कृतिक जीवनातील सहभाग हे हक्क टप्प्याटप्प्याने प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी भारताने या कराराद्वारे स्वीकारली आहे. करारातील काही कलमांबाबत भारताने निवेदने नोंदविली असून कराराच्या ऐच्छिक प्रोटोकॉलमध्ये भारत सहभागी झालेला नाही.

पार्श्वभूमी

१० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यात नागरी व राजकीय हक्कांबरोबरच आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचाही समावेश होता. जाहीरनाम्याच्या मसुद्याच्या कामात भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांचा महत्त्वाचा वाटा होता. पहिल्या अनुच्छेदातील 'सर्व पुरुष' या अर्थाच्या शब्दांऐवजी 'सर्व मानव' हा शब्दप्रयोग आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

जाहीरनामा हा कायदेशीर बंधन घालणारा दस्तऐवज नव्हता. त्याला कराराचे रूप देताना सर्व हक्क एकाच करारात असावेत की दोन वेगळे करार करावेत, हा वाद निर्माण झाला. दोन करारांची बाजू मांडणाऱ्या देशांत भारताचाही समावेश होता. नागरी हक्क न्यायालयामार्फत तात्काळ अमलात आणता येतात, तर सामाजिक हक्कांची पूर्तता राज्याच्या आर्थिक कुवतीवर अवलंबून असते, असा या भूमिकेमागील युक्तिवाद होता. भारताच्या संविधानाची रचनाही याच धर्तीवर आहे. संविधानाच्या तिसऱ्या भागातील मूलभूत हक्क न्यायालयात मागता येतात, तर चौथ्या भागातील राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे अनुच्छेद ३७ नुसार न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत. तथापि तीच तत्त्वे देशाच्या शासनव्यवहारात मूलभूत असल्याचे आणि कायदे करताना ती लागू करणे राज्याचे कर्तव्य असल्याचेही हाच अनुच्छेद सांगतो.

१९५२ मध्ये आमसभेने दोन स्वतंत्र करारांचा निर्णय घेतला. दुसरा करार नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार या नावाने ओळखला जातो. दोन्ही करार एकाच दिवशी स्वीकारले गेले आणि भारतही दोहोंत एकाच दिवशी सामील झाला. त्या वेळी मोरारजी देसाई पंतप्रधान आणि अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री होते. आणीबाणी संपून त्या वेळी दोन वर्षे झाली होती.

करारातील प्रमुख तरतुदी

करारात पाच भाग व ३१ कलमे आहेत. हक्कांची मुख्य मांडणी कलम ६ ते १५ मध्ये आहे.

• कलम ६ : काम करण्याचा हक्क
• कलम ७ : कामाच्या न्याय्य व अनुकूल अटी, समान कामासाठी समान वेतन, विश्रांती, बढतीची समान संधी
• कलम ८ : कामगार संघटना स्थापन करण्याचा व संपाचा हक्क
• कलम ९ : सामाजिक सुरक्षा व सामाजिक विमा
• कलम १० : कुटुंब, माता व बालके यांचे संरक्षण
• कलम ११ : पुरेसे अन्न, वस्त्र व निवारा यांसह योग्य जीवनमान
• कलम १२ : शारीरिक व मानसिक आरोग्याचा साध्य होणारा सर्वोच्च दर्जा
• कलम १३ व १४ : शिक्षण, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याची योजना
• कलम १५ : सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा व विज्ञानाच्या प्रगतीचा लाभ मिळण्याचा हक्क

बंधनांचे स्वरूप

कलम २ नुसार प्रत्येक पक्षराष्ट्राने आपल्या उपलब्ध साधनसामग्रीचा जास्तीत जास्त वापर करून या हक्कांची क्रमाक्रमाने पूर्ण पूर्तता करावयाची असते. 'क्रमाक्रमाने' या शब्दामुळे करार म्हणजे केवळ सदिच्छांची यादी आहे, असा समज रूढ झाला होता. कराराच्या देखरेख समितीने १९९० मधील आपल्या तिसऱ्या सर्वसाधारण अभिप्रायात तो दूर करण्याचा प्रयत्न केला. या अभिप्रायानुसार काही बंधने तात्काळ लागू होतात. हक्कांच्या उपभोगात भेदभाव न करणे आणि पूर्ततेच्या दिशेने ठोस व नेमकी पावले उचलणे ही त्यांपैकी दोन होत. प्रत्येक हक्काचा किमान गाभा सांभाळणे हेही राज्याचे कर्तव्य मानले जाते. मोठ्या संख्येने लोक अत्यावश्यक अन्न, प्राथमिक आरोग्यसेवा, साधा निवारा किंवा पायाभूत शिक्षण यांपासून वंचित असतील, तर ते राज्य प्रथमदर्शनी करारातील जबाबदारी पाळत नाही, असे समितीचे मत आहे. साधनांची टंचाई हे कारण द्यावयाचे असल्यास उपलब्ध साधने प्राधान्याने या किमान गरजांसाठी वापरल्याचे त्या राज्याने दाखवून द्यावे लागते.

समितीच्या पुढील अभिप्रायांत प्रत्येक राज्याच्या बंधनाचे तीन स्तर सांगितले आहेत : हक्काचा आदर करणे, म्हणजे स्वतः त्यात अडथळा न आणणे, रक्षण करणे, म्हणजे खासगी व्यक्ती व कंपन्यांना तो हिरावू न देणे, आणि पूर्तता करणे, म्हणजे कायदे, निधी व यंत्रणा यांद्वारे तो प्रत्यक्षात आणणे.

भारताची निवेदने

करारात सामील होताना भारताने पुढील निवेदने नोंदविली.

कलम १ मधील स्वयंनिर्णयाचा हक्क केवळ परकीय वर्चस्वाखालील लोकांना लागू होतो. सार्वभौम स्वतंत्र राष्ट्रांना किंवा राष्ट्रातील एखाद्या जनविभागाला तो लागू होत नाही, असे भारताचे म्हणणे आहे. फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्स यांनी या निवेदनावर आक्षेप घेतला. स्वयंनिर्णयाचा हक्क सर्व लोकांचा असल्याने त्याला करारात नसलेल्या अटी घालता येत नाहीत, असा या आक्षेपांचा रोख होता.

हक्कांवरील मर्यादांसंबंधीचे कलम ४ आणि कामगार संघटनांसंबंधीचे कलम ८ ही संविधानाच्या अनुच्छेद १९ शी सुसंगत रीतीने लागू केली जातील, असे भारताने म्हटले. अनुच्छेद १९ संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य देतो आणि त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही राज्याला देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनुसार संप करण्याचा हक्क हा मूलभूत हक्क नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या संघटना स्वातंत्र्य व सामुदायिक वाटाघाटी यांविषयीच्या ८७ व ९८ क्रमांकाच्या संकेतांनाही भारताने अनुसमर्थन दिलेले नाही.

बढतीच्या समान संधीविषयीचे कलम ७ (ग) हे अनुच्छेद १६ (४) शी सुसंगत रीतीने लागू होईल, असेही निवेदन आहे. या कलमानुसार बढती देताना सेवाज्येष्ठता व क्षमता यांखेरीज अन्य बाबी विचारात घेता येत नाहीत, तर अनुच्छेद १६ (४) मागासवर्गीयांसाठी शासकीय नोकऱ्यांत आरक्षण ठेवण्याची परवानगी देतो. आरक्षणाचे धोरण कराराशी विसंगत ठरू नये, हा या निवेदनाचा परिणाम होय. पुढे १९९५ मधील ७७ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १६ (४क) समाविष्ट होऊन अनुसूचित जाती व जमातींसाठी बढतीतील आरक्षणाला स्पष्ट आधार मिळाला.

देशांतर्गत कायद्यातील स्थान

आंतरराष्ट्रीय करार भारतात आपोआप कायदा ठरत नाही. अनुच्छेद ५१ (ग) राज्याला आंतरराष्ट्रीय कायदा व करारविषयक बंधने यांबद्दल आदर वृद्धिंगत करण्यास सांगतो आणि अनुच्छेद २५३ करारांच्या अंमलबजावणीसाठी कायदे करण्याचा अधिकार संसदेला देतो. जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन (१९८०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, संसदेने कायदा केल्याशिवाय करारातील तरतूद न्यायालयात अमलात आणता येत नाही, हे तत्त्व मांडले. विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य (१९९७) या खटल्यात मात्र देशांतर्गत कायद्यात पोकळी असेल व करार मूलभूत हक्कांशी विसंगत नसेल, तर त्याचा आधार घेऊन त्या हक्कांचा अर्थ लावता येतो, अशी भूमिका घेण्यात आली.

मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ मध्ये या कराराचा थेट उल्लेख आहे. जीवित, स्वातंत्र्य, समता व प्रतिष्ठा यांच्याशी निगडित आणि संविधानाने हमी दिलेले, किंवा आंतरराष्ट्रीय करारांत अंतर्भूत असलेले व भारतातील न्यायालयांमार्फत अमलात आणता येणारे हक्क, अशी मानवी हक्कांची व्याख्या त्यात केली आहे. व्याख्येतील शेवटच्या अटीमुळे करारातील जे हक्क भारतीय न्यायालयांत मागता येत नाहीत, ते या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहू शकतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग याच अधिनियमान्वये स्थापन झाला असून त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

न्यायालयीन निर्णय

सामाजिक हक्कांना भारतात न्यायालयीन संरक्षण मिळाले ते प्रामुख्याने अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काच्या व्यापक अर्थाद्वारे. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका (१९८५) हा या परंपरेतील महत्त्वाचा निकाल होय. १९८१ मध्ये ऐन पावसाळ्यात मुंबईतील पदपथ व झोपड्यांतील रहिवाशांना हटविण्याची मोहीम हाती घेण्यात आली, तेव्हा हे प्रकरण न्यायालयात गेले. जीविताच्या हक्कात उपजीविकेच्या हक्काचा समावेश होतो, असे घटनापीठाने मान्य केले. मात्र पदपथावर राहण्याचा हक्क मान्य न करता, पावसाळा संपेपर्यंत मुदत देऊन निष्कासनाला परवानगी दिली. त्यामुळे तत्त्व प्रस्थापित झाले, तरी त्याच रहिवाशांना घराची हमी मिळाली नाही. या निकालाचा आधार करार नसून संविधान होते.

करारातील तरतुदींचा उल्लेख पुढील काही निकालांत आढळतो. चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९९६) या खटल्यात निवाऱ्याच्या हक्काची चर्चा करताना कलम ११ चा, तर अॅपरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिल विरुद्ध ए. के. चोप्रा (१९९९) या खटल्यात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा विचार करताना कलम ७ चा आधार घेण्यात आला. पश्चिम बंग खेत मजदूर समिती (१९९६) खटल्यात, तातडीचे उपचार न देणे हा जीविताच्या हक्काचा भंग असून निधीची कमतरता ही त्यासाठी सबब होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ही भूमिका समितीच्या 'किमान गाभा' या संकल्पनेशी मिळतीजुळती आहे.

हक्कनिहाय अंमलबजावणी

काम व सामाजिक सुरक्षा

कामाच्या हक्काला कायदेशीर रूप देण्याचा देशातील महत्त्वाचा प्रारंभीचा प्रयोग महाराष्ट्रात झाला. वि. स. पागे यांच्या संकल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या काळात राज्यभर राबविली गेली आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचा आधार दिला. म्हणजे भारत करारात सामील होण्यापूर्वीच हा कायदा संमत झाला होता. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या अंगमेहनतीच्या कामाची हमी दिली. महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कामगार कायदा हा असंघटित श्रमिकांना मंडळामार्फत वेतन, भविष्यनिर्वाह निधी व अन्य लाभ देणारा आणखी एक उल्लेखनीय प्रयत्न आहे.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. त्याच वर्षी स्त्री-पुरुषांना समान वेतन देणारा कायदाही झाला. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजेची मुदत १२ वरून २६ आठवडे करण्यात आली. तथापि तिचा लाभ मुख्यतः संघटित क्षेत्रातील स्त्रियांना मिळतो. २०१९ व २०२० मध्ये संसदेने २९ केंद्रीय कामगार कायदे एकत्रित करून चार संहिता संमत केल्या. त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेत अॅपआधारित सेवांतील कामगारांची व्याख्या प्रथमच करण्यात आली.

अन्न

२००१ मध्ये सरकारी गोदामे धान्याने भरलेली असताना दुष्काळी भागांतून भूकबळींच्या तक्रारी येऊ लागल्या. या पार्श्वभूमीवर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने अन्नविषयक शासकीय योजनांना हक्काचे स्वरूप दिले. सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत किमान ३०० उष्मांकांचे शिजवलेले माध्यान्ह भोजन देण्याचा आदेश त्यात होता. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ ने ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना दरमहा माणशी ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो धान्याचा कायदेशीर हक्क दिला. लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरविली गेल्याने त्यानंतर वाढलेल्या लोकसंख्येतील अनेक पात्र कुटुंबे शिधापत्रिकेपासून वंचित राहतात, अशी टीका केली जाते.

निवारा

निवाऱ्याच्या हक्काविषयी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. निष्कासनामुळे कोणीही बेघर होऊ नये, असे समितीचा १९९७ चा सातवा सर्वसाधारण अभिप्राय सांगतो. महाराष्ट्रातील झोपडपट्टी पुनर्वसनात मात्र पात्रता ही विशिष्ट तारखेपूर्वीच्या वास्तव्याच्या पुराव्यावर ठरते. या पद्धतीत तारखेनंतर आलेल्या किंवा कागदपत्रे नसलेल्या कुटुंबांना पर्यायी घराचा हक्क मिळत नाही. विकास प्रकल्पांमुळे होणाऱ्या विस्थापनाबाबत १८९४ च्या भूसंपादन कायद्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या या कायद्यात मोबदल्याबरोबर पुनर्वसन व पुनर्स्थापना यांचाही समावेश आहे.

आरोग्य

आरोग्य हा भारतात स्वतंत्र मूलभूत हक्क म्हणून नोंदलेला नाही. न्यायालयांनी तो अनुच्छेद २१ मधून निष्पन्न केला आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले जाते. बाह्यरुग्ण उपचार व औषधांवरील नेहमीचा खर्च मात्र तिच्या कक्षेत येत नाही. आरोग्याच्या हक्काचा कायदा करणारे राजस्थान (२०२३) हे पहिले राज्य ठरले.

शिक्षण

मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी भारतात करारापेक्षा बरीच जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ती मांडली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले यासंबंधीचे विधेयक फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात असे शिक्षण लागू केले. संविधानाच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये हे उद्दिष्ट दहा वर्षांत गाठण्याचे ठरले होते. ते साधले नाही. २००२ मधील ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१क समाविष्ट झाला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. हा हक्क ६ ते १४ या वयोगटापुरता आहे. करारातील कलम १३ माध्यमिक शिक्षणही क्रमाक्रमाने मोफत करण्यास सांगते. त्या टप्प्यावर भारतात राष्ट्रीय पातळीवर कायदेशीर हमी नाही.

संघराज्य व्यवस्था

कलम २८ नुसार कराराच्या तरतुदी संघराज्याच्या सर्व भागांना कोणत्याही मर्यादेशिवाय लागू होतात. भारतात सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे, तर शिक्षण (४२ व्या घटनादुरुस्तीनंतर) व कामगार कल्याण हे समवर्ती सूचीतील विषय आहेत. त्यामुळे कराराची आंतरराष्ट्रीय जबाबदारी केंद्र सरकारची, परंतु प्रत्यक्ष अंमलबजावणीचा मोठा भाग राज्ये व स्थानिक स्वराज्य संस्थांकडे, अशी स्थिती आहे. एखाद्या राज्याने जबाबदारी पाळली नाही, तरी आंतरराष्ट्रीय पातळीवर उत्तर भारत सरकारलाच द्यावे लागते.

अहवाल व परीक्षण

करारावर देखरेख ठेवणारी आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्क समिती १९८५ मध्ये स्थापन झाली. तीत १८ स्वतंत्र तज्ज्ञ असून तिच्या बैठका जिनिव्हा येथे होतात. पक्षराष्ट्रांनी साधारणतः दर पाच वर्षांनी अहवाल द्यावयाचा असतो. स्वयंसेवी संस्थांनाही समांतर माहिती सादर करता येते. परीक्षणाअंती समिती समारोपीय निरीक्षणे प्रसिद्ध करते. ती न्यायालयीन निकालाप्रमाणे सक्तीने अमलात आणता येत नाहीत.

भारताच्या दुसऱ्या ते पाचव्या अशा चार अहवालांचे परीक्षण एकत्रितपणे मे २००८ मध्ये झाले. सामाजिक हक्कांना न्यायालयीन संरक्षण देण्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या भूमिकेची, तसेच माहितीचा अधिकार व ग्रामीण रोजगार हमी यांसारख्या कायद्यांची समितीने दखल घेतली. त्याच वेळी जातिभेद, हाताने मैला साफ करण्याची प्रथा, वेठबिगारी, सक्तीचे विस्थापन आणि कायदे असूनही त्यांची अंमलबजावणी न होणे यांविषयी तिने चिंता व्यक्त केली. शेतकऱ्यांच्या वाढत्या आत्महत्यांचाही तिने उल्लेख केला. विदर्भातील आत्महत्यांमुळे हा प्रश्न त्या काळी महाराष्ट्रातही तीव्र झालेला होता. २०१३ मध्ये हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या नियुक्तीवर बंदी घालणारा व त्यांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा नवा कायदा झाला.

पुढील अहवाल २०११ मध्ये सादर होणे अपेक्षित होते. परंतु मुदत उलटून दशकाहून अधिक काळ तो प्रलंबित राहिला. परिणामी अन्न सुरक्षा कायदा, नव्या कामगार संहिता किंवा कोविड-१९ च्या टाळेबंदीत स्थलांतरित मजुरांची झालेली परवड यांचे या कराराच्या कसोटीवर परीक्षण या काळात होऊ शकले नाही.

ऐच्छिक प्रोटोकॉल

१० डिसेंबर २००८ रोजी स्वीकारलेला व ५ मे २०१३ रोजी अमलात आलेला ऐच्छिक प्रोटोकॉल व्यक्ती व गटांना थेट समितीकडे तक्रार करण्याचा मार्ग देतो. त्यासाठी देशांतर्गत उपाय प्रथम संपलेले असावे लागतात. भारत त्यात सामील नसल्याने भारतातील नागरिकांना हा मार्ग उपलब्ध नाही. त्यांना अनुच्छेद ३२ व २२६ अन्वये देशातील न्यायालयांवरच अवलंबून राहावे लागते.

मूल्यमापन

भारतातील अनुभवाबाबत अभ्यासकांमध्ये दोन मते आढळतात. एका मतानुसार करारातील हक्क भारताने मुख्यतः स्वतःच्या संविधानाच्या, लोकचळवळींच्या व न्यायालयांच्या बळावर पुढे नेले असून कराराचा प्रत्यक्ष प्रभाव मर्यादित आहे. दुसऱ्या मतानुसार न्यायालयीन संरक्षण हे खटल्यागणिक बदलणारे असते; म्हणून नियमित अहवाल, मोजता येणारी उद्दिष्टे व तक्रारीची खुली व्यवस्था यांची आवश्यकता आहे. करारातून बाहेर पडण्याची तरतूद त्यात नसल्यामुळे भारताने स्वीकारलेली बंधने कायम आहेत. रोजगार, अन्न व शिक्षण या क्षेत्रांत त्यांना कायद्याचे रूप मिळाले आहे. आरोग्य, निवारा व असंघटित कामगारांची सामाजिक सुरक्षा या क्षेत्रांत ती अद्याप बव्हंशी योजना व धोरणे यांवर आधारलेली आहेत. योजनेतील लाभ शासननिर्णयाने कमी किंवा बंद करता येतो. कायद्याने दिलेला हक्क रद्द करण्यासाठी विधिमंडळात जावे लागते. हा फरक लाभार्थ्यांच्या दृष्टीने निर्णायक ठरतो.

हे सुद्धा पाहा

• मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा
• नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार
• राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे
• राष्ट्रीय मानवी हक्क आयोग
• रोजगार हमी योजना, महाराष्ट्र